कडक स्प्रिंगांचा क्लच

विनोद मयेकर हा क्रूर माणूस आहे असे मालगुंडात कोणी म्हटले असते, तर ऐकणाऱ्याने म्हणणाऱ्याचीच प्रकृती विचारली असती. देवळाच्या कामाला सढळ हात, कोणाच्याही मयताला पहिला हजर, आवाज कधी चढायचा नाही, धाकट्या भावाला चारचौघांत 'बाळा' म्हणून हाक. असा माणूस क्रूर असतो काय? गावाची क्रौर्याची कल्पना फार जुनी आणि फार सोयीची आहे. तिला दारू लागते, आरडाओरडा लागतो, जमल्यास कमरेचा पट्टा लागतो. विनोदकडे ह्यांतले काहीही नव्हते. त्याच्याकडे मऊ आवाज होता, किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या चारचाकी क्वाड गाड्यांचा धंदा होता, आणि रघू होता.

धाकट्या रघूला मालवाहू जहाजावर चिकटवून दिले ते विनोदनेच. कुठल्याशा परक्या बंदरात जहाज बांधण्याचा दोर ताणाखाली तुटला आणि रघूच्या डाव्या तळहातावरून गेला. हात वाचला, करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट मात्र अर्ध्या ताकदीवर राहिले. तो घरी परतला त्या दिवसासाठी विनोदने मनातल्या मनात एक भाषण तयार ठेवले होते. रघू म्हणेल, "दादा, आता माझं कसं?" मग आपण त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचे, "मी आहे ना." भाषण चांगले होते. त्यात उपकाराचा उल्लेख नव्हता, आणि उपकाराचा उल्लेख नसलेले भाषण ऐकणाऱ्याला जन्मभर पुरते.

रघूने विचारलेच नाही. पोचला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो किनाऱ्यावरच्या शेडमध्ये जाऊन गाड्यांची चाके धुऊ लागला. काही दिवसांतच पर्यटक येऊन "रघूदादा कुठे आहेत?" असे विचारू लागले. विनोद गल्ल्याशी बसलेला असे. तो मान वर करून हसत सांगे, "आहे ना, माझाच भाऊ तो."

सड्यावरच्या, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळमाळावरच्या, शर्यतीसाठी विनोदने एक खरी धावणारी क्वाड आणली होती. किनाऱ्यावरच्या गुबगुबीत गाड्या ह्या म्हशी, ही घोडी. गाडी विनोदची, चालवणारा रघू, ही वाटणी त्याला पहिल्यांदा फार न्याय्य वाटली. मग रघू जिंकला आणि गावच्या पोरांनी स्टँडवर फ्लेक्स लावला. फ्लेक्सभर रघू, काखेत हेल्मेट, मागे उडालेली तांबडी धूळ. खालच्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या गोलात, विनोद. आणि गोलाखाली 'सौजन्य'. पावसाळी वाऱ्याने फाडेपर्यंत तो फ्लेक्स तिथे होता आणि तोवर विनोदने तो रोज वाचला.

ह्या वर्षी गाडीचे इंजिन वाढवून घेतले. ताकद वाढली आणि जुना क्लच हरला. रघू मूठ पिळायचा, इंजिन ओरडायचे, पण ती ताकद चाकांपर्यंत पोचायची नाही. क्लचच्या प्लेटी एकमेकींवर घसरत राहायच्या आणि करपल्याचा वास यायचा. नवा क्लच टाकल्याशिवाय शर्यत नाही, हे उघड होते. म्हणून विनोद चाफ्याच्या फाट्यावर बाबल्याच्या गॅरेजात गेला. गाडी आपली, निवडही आपलीच.

"तीन प्रकार हायत, विनोदशेठ," बाबल्याने हात पुसत सांगितले. "एक, प्लेटी वाढवायच्या, स्प्रिंगा जवळजवळ आहेत तशाच. डाव्या मुठीतली लिव्हर आतासारखीच राहील. दोन, हा आपोआपवाला. आत वजनं असतात. इंजिन फिरायला लागलं की ती बाहेर फेकली जातात, आपसूक पकड येते. लिव्हरला हात नाय लावलात तरी चालतं. गियरमध्ये टाकून शिट्टी वाजवत उभा रहा, गाडी बंद पडायची नाय."

"आणि तिसरा?"

"तिसरा कडक स्प्रिंगांचा. प्लेटी दाबून धरतो तो मरेपर्यंत. पकड म्हणाल तर एक नंबर. पण लिव्हर," बाबल्या हसला, "लिव्हर दाबायची म्हणजे खडकातनं कालव काढायचं काम. ती तिथली गाडी बघा, तिला तोच घातलाय. दाबून बघा."

विनोदने दाबून बघितली. नुसती दाबली नाही, दाबून धरून ठेवली. बाबल्या दुसऱ्या गिऱ्हाईकाशी बोलून परत आला तरी तो तसाच उभा होता, लिव्हर मुठीत. कोपरापर्यंत आग चढली, अंगठ्याच्या मुळाशी कंप सुटला, आणि हा हात धडधाकट होता. माणसाला दुसऱ्याच्या वेदनेची कल्पना नसते म्हणून तो निर्दयपणे वागतो, असे एक दयाळू मत प्रचलित आहे. विनोदने त्या मताला जागाच ठेवली नाही. त्याने कल्पनेवर विसंबून न राहता प्रत्यक्ष अनुभव घेतला, आणि मगच लिव्हर सोडली.

"हाच बसव."

बाबल्याचे हसू उतरले. "शेठ, रघूचा डावा हात..."

"काय झालं त्याला?"

"काय झालं म्हणजे? गावाला ठाऊक हाय. माझं ऐकाल तर आपोआपवाला घाला. वेळेत जरा इकडंतिकडं होईल, पण माणूस सुखानं चालवील."

"ते बायकांच्या स्कूटरला ठीक आहे रे. माझा भाऊ शर्यत जिंकलेला माणूस आहे." विनोदचा आवाज आणखी मऊ झाला. "रघूनं कधी सांगितलं तुला, जमत नाही म्हणून?"

"नाय."

"मग त्याच्या वतीनं तू कोण सांगणारा, मेल्या?"

किमतीचा प्रश्न नव्हता; तिन्हींपैकी कोणताही घेता आला असता. आपण भावासाठी सर्वांत जबरदस्त पकडीचा क्लच निवडला, असे त्याने संध्याकाळी देवळाच्या पारावर सांगितले, आणि ते अक्षरशः खरे होते.

गाडी शेडमध्ये आली. रघूने लिव्हर दाबली. विनोद त्याच्या हाताकडे नव्हे, चेहऱ्याकडे बघत होता. चेहऱ्यावर काहीही उमटले नाही. फक्त दाबताना त्याने श्वास आत घेतला आणि सोडताना बाहेर टाकला, एवढेच.

"कसा वाटतो, बाळा?"

"चांगलाय, दादा. गाडी सुटंल आता."

"हाताला जड नाही ना?"

"नाय."

विनोद थोडा थांबला. एखादे वाक्य यायला उशीर होतो, वाट बघावी लागते. ते आले नाही.

पुढचे काही दिवस तो सड्याच्या कडेला खुर्ची टाकून सराव बघू लागला आणि त्याच्या लक्षात आले की रघू त्याला फसवतो आहे. एकदा गाडी धावू लागली की रघू क्लचला हातच लावत नसे. मूठ किंचित सैल करून, इंजिनाचा सूर ऐकून, तो नुसत्या पायाने गियर टाके आणि ते लोण्यासारखे पडत. नव्या क्लचच्या पकडीने गाडी पूर्वीपेक्षा चपळ झाली होती. म्हणजे विनोदने खरोखरच सर्वोत्तम निवड केली होती, आणि ह्यासारखा अपमान दुसरा नव्हता. रघूला ती लिव्हर लागत होती ती फक्त सुटताना. एकदा दाबायची, सोडायची, संपले. तेवढ्यासाठी संध्याकाळी तो हात गरम मिठाच्या पाण्यात बुडवून बसतो, हे विनोदला रघूची बायको सगुणा सांगून गेली.

मग एकदा ती भर दुपारी पडवीत येऊन उभी राहिली. बसली नाही.

"दादा, एक मागणं हाय. तो आपोआपवाला क्लच घाला गाडीला. शर्यतीला अजून अवकाश हाय."

"त्यानं पाठवलं तुला?"

"नाय. त्यांना कळलं तर माझ्याशी बोलायचे नायत."

"मग त्याला येऊन सांगू दे ना गो. मी काय परका आहे? एवढंच म्हणायचं, दादा, जमत नाही. त्याच दिवशी बदलतो."

"ते नाय बोलायचे."

"मग जमत असेल."

ती त्याच्याकडे बघत राहिली. ह्या घरात सून म्हणून आल्यापासून तिने त्याच्या डोळ्याला डोळा दिला नव्हता. तो आता दिला. "गाडी सोडली तर त्या माणसाकडं दुसरं काय उरलंय, सांगा. बोटीवर कोण घेत नाय. तिथं सड्यावर गेले की चार माणसं नाव घेतात. तुम्हाला शर्यत जिंकायची नायच, दादा. तुम्हाला तेवढे दोन शब्द ऐकायचेत."

"ऊन फार आहे," विनोद म्हणाला. "चहा घेऊन जा."

"नको. तुमच्याकडचा कप उचलायचा तर आधी कान धरायला लागतो."

ती गेल्यावर विनोद बराच वेळ हसत होता. बाई हुशार होती. हुशार माणसांविषयी त्याला आदर होता, फक्त ती आपल्या घरातली असू नयेत असे वाटे.

शर्यतीच्या दिवशी सडा माणसांनी भरला. पावसाळ्यानंतरचे गवत पिवळे पडले होते, कातळ दुपारच्या उन्हाने तापला होता, भज्यांच्या कढईचा धूर आणि पेट्रोलचा वास एकमेकांत मिसळले होते. दाभोळपासून पूर्णगडापर्यंतचे गडी आपापल्या गाड्या टेम्पोत घालून आले होते. विनोदचा मुलगा ऋत्विक सुट्टी काढून मुंबईहून आला होता आणि मोबाइल उंच धरून सगळे टिपत होता.

ह्या शर्यतीला झेंडा नसतो, पिस्तूल नसते. ती गाऱ्हाण्यावर सुटते. गाड्या रेषेवर येतात, चालू स्थितीत, गियरमध्ये, क्लच दाबून. मग मानकरी देवाला हाक घालतो, आणि प्रत्येक मागणीला सारा सडा 'होय म्हाराजा' म्हणतो. "सगळ्यांना सुखरूप घरी ने" ही शेवटची मागणी. तिच्यावरचा 'होय म्हाराजा' पडला की गाड्या सुटतात. देवाशी बोलणे चालू असताना चालवणाऱ्याने हात-पाय हलवायचा नाही, हा नियम. कोणी लिहिलेला नाही. म्हणूनच तो मोडत नाही. गाऱ्हाण्याचा मान मयेकरांच्या थोरल्याचा, आणि विनोद तो दरवर्षी नारळ फुटायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात उरकत असे. बघणाऱ्यांना शर्यत हवी असते आणि देवालाही, असे तो गमतीने म्हणे.

त्याने माइक घेतला. रेषेवर गाड्या गुरगुरत होत्या. रघू तिसरा होता. लिव्हर दाबलेली, कोपर बरगडीला टेकलेले, नजर पुढच्या चाकावर.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आज ह्या सड्यावर तुझी लेकरं गोळा झाल्येत. जी काय तोडकीमोडकी सेवा केल्येय, ती गोड मानून घे!"

"होय म्हाराजा!"

"ह्या पोरांच्या चाकाला तुझा आधार दे!"

"होय म्हाराजा!"

आता एकच वाक्य उरले होते. चालवणाऱ्यांनी मुठी पिळल्या, इंजिनांचा आवाज चढला. विनोदने तोंड उघडले, आणि त्याच क्षणी त्याला रघूचा हात दिसला. मागची दोन बोटे लिव्हरवरून सुटली होती. उरलेल्या दोन बोटांवर सगळा भार होता आणि मनगटापासून कोपरापर्यंत एक बारीक थरथर धावत होती, पाण्यावर वारा धावावा तशी. त्याने हे ठरवले नव्हते, असे नंतर तो स्वतःला सांगणार होता. आणि ठरवले नव्हते हे खरेच आहे. संधीला ठरवावे लागत नाही. तिला फक्त ओळखावे लागते.

"आणि बा देवा," तो सावकाश म्हणाला, "पूर्णगडापासून दाभोळपर्यंत जी काय गलबतं, होड्या दर्यात असतील, त्यांना किनारा दाखव!"

सडा एक क्षण गोंधळला. मग कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्यांनी हात जोडले. "होय म्हाराजा!"

"जे चाकरमानी पोटासाठी मुंबईला पडलेत, त्यांच्या खोलीवर, त्यांच्या नोकरीवर नजर ठेव!"

"होय म्हाराजा!" ह्या वेळी आवाज मोठा होता. बायकांनी पदर डोक्यावर घेतले. असे गाऱ्हाणे कित्येक वर्षांत झाले नव्हते.

"कलमांना मोहोर दे, मोहोराला थंडी दे! गुराढोरांना रोगराईपासून राख! शिकत्या पोरांना बुद्धी दे, अडलेल्या बाईला सुटका दे!"

प्रत्येक मागणीनंतर तो थांबे, होय म्हाराजा पुरता विरू देई, मग पुढची घेई. पहिल्या क्रमांकावरच्या पोराने नियम मोडून हळूच गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. कोणी काही म्हणाले नाही. रघूने टाकली नाही. नियम पाळणारी माणसे फार सोयीची असतात. त्यांना बांधून ठेवावे लागत नाही. त्याच्या हेल्मेटखालून घाम टाकीवर टपटपत होता. सगुणा दोरीला धरून उभी होती. ती देवाकडे बघत नव्हती, विनोदकडे बघत होती. ऋत्विकचा मोबाइल वडिलांवर रोखलेला होता, कारण सगळ्यांच्या नजरा तिकडेच होत्या.

"आणि बा देवा म्हाराजा," विनोदचा आवाज भरून आला, खोटा नव्हे, खराच भरून आला, "तुझ्या लेकरांत कुणाचा हात अधू असेल, कुणाचा पाय अधू असेल, त्याला बळ दे!"

"होय म्हाराजा!"

"ज्याला सोसवत नाही त्याला, सोसवत नाही म्हणायची बुद्धी दे!"

"होय म्हाराजा!"

प्रार्थनेत एकही शब्द वावगा नव्हता. देवाने ती ऐकली असती तर त्याला नाकारायला कारण सापडले नसते. विनोदने आणखी वाट बघितली. रघूने मान वर केली नाही, उजवा हात वर केला नाही. मग मात्र लोक चुळबुळू लागले, आणि विनोदने शेवटची मागणी घातली.

"सगळ्यांना सुखरूप घरी ने रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

गाड्या सुटल्या. तांबड्या धुळीची एक भिंत उभी राहिली आणि पुढे सरकली. ती सरकल्यावर रेषेवर एक गाडी दिसली. रघू तसाच बसला होता. उजवी मूठ पिळलेली, इंजिन आकांताने ओरडते आहे, आणि डावा हात लिव्हरवर मिटलेला. तो सोडत नव्हता. सुरुवातीला लोक हसले. कोणी ओरडले, "अरे सोड, आता काय आरती व्हायची हाय काय?" मग दिसले की तो सोडू बघतो आहे. खांदा मागे खेचतो आहे, मनगट पिळतो आहे, आणि बोटे उघडत नाहीत. हात लिव्हरवर दगड झाला होता. सुटलेली दोन बोटे त्याने कधीतरी पुन्हा वेढली होती, आणि आता चारही तिथेच गोठली होती.

बाबल्या धावला आणि त्याने इंजिन बंद केले. सगुणा दोरीखालून आली. ती एकेक बोट उकलू लागली, शिंपला उघडावा तसे, आणि प्रत्येक बोटाबरोबर रघूच्या तोंडून एक आवाज येत होता. सडा आता शांत होता, त्यामुळे तो सगळ्यांना ऐकू गेला.

विनोद माइक घेऊनच तिथे गेला. वायर पुरली.

"बाळा," त्याचा आवाज चारी कर्ण्यांतून आला, "जमत नव्हतं तर सांगायचं होतंस रे. मी काय परका आहे?"

आणि सवयीने, शंभर-दोनशे तोंडांतून, कोणाच्याही मनात काही नसताना, उत्तर आले, "होय म्हाराजा!"

कोणीतरी खिदळले. मग बरेच जण. विनोदने माइक रघूच्या तोंडाशी धरला. कर्ण्यांतून रघूचा श्वास ऐकू येऊ लागला, सबंध सड्यावर, तुटक आणि ओला. विनोद वाकून थांबला. इतका जवळ तो भावाच्या बालपणानंतर गेला नव्हता.

रघूने ओठ ओले केले. "रेषेवरनं बाजूला व्हा," तो म्हणाला. "पोरं फेरी मारून येतील आता."

लोकांना एकदम भान आले. पाचसहा जणांनी गाडी ढकलून कडेला नेली. पहिली क्वाड वळणावर दिसू लागली होती.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सांगितले की जुनी शिवलेली कंडरा सुटली आहे, पुन्हा शिवण्यात अर्थ नाही. मूठ उघडली होती. ती परत पुरती मिटली नाही. गावात मात्र गाऱ्हाण्याचीच चर्चा अधिक झाली. ऋत्विकने टिपलेले ते घरोघरच्या मोबाइलवर ऐकले गेले आणि मुंबईतल्या मंडळाने गणपतीत गाऱ्हाण्यासाठी विनोदला आमंत्रण दिले.

आता गावातच राहिलेल्या ऋत्विकने पुढच्या शर्यतीला बसायचे ठरले. "काकाला काय वाटेल, पप्पा?" त्याने एकदा विचारले.

"त्यालाच विचार की."

ऋत्विकने विचारले नाही. विनोदने बाबल्याला फोन करून आपोआपवाला क्लच मागवला. पोरांचे हात जपायला हवेत, असे तो म्हणाला. पलीकडे बाबल्या नुसते "बसवतो" म्हणाला. गिऱ्हाईक मोठे होते.

ऋत्विकला शिकवायला माणूस हवा होता आणि सड्याची वळणे रघूएवढी कोणाला ठाऊक नव्हती. विनोदने त्याला बोलावून घेतले, मृदूपणे विचारले, जमेल ना? रघू म्हणाला, जमेल. आता रोज संध्याकाळी ऋत्विक गाडीवर असतो आणि रघू कातळावर उभा, डावा हात पँटच्या खिशात. विनोद खुर्ची टाकून बसतो. अधूनमधून हाक घालतो.

"बाळा, दमलास तर सांग हां."

"नाय, दादा."

"हात दुखत असेल, नाही?"

"बराय."

विनोद मान हलवतो, पण नजर काढून घेत नाही. थोडा पुढे झुकून तो अजून ऐकत असतो. रघू तोवर दुसरीकडे वळलेला असतो. "ऋत्विक, वळणावर अंग आत टाक," तो ओरडतो. "भितोस कशाला? परत घे."

गाडी परत वळते. विनोद खुर्ची जराशी जवळ ओढतो.